जात्याच्या समोर कोण बसतंय?

ऑफर लेटर आलं की सगळ्यात आधी नजर कुठं जाते? पॅकेजवर. मग गावावर, म्हणजे पुणे की हैदराबाद. मग कंपनीच्या नावावर, कारण ते घरी, गल्लीत आणि लिंक्डइनवर सांगायचं असतं. यात काहीच चूक नाही. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असेल, धाकट्या बहिणीची फी भरायची असेल, तर आकडा आधी बघायलाच हवा.

पण त्या कागदावर काही गोष्टी कधीच लिहिलेल्या नसतात. सोमवारी सकाळी तुम्ही कामाला बसाल तेव्हा समोर कोण असेल? तुमच्या हातून चूक झाली तर तो माणूस काय करील? आणि पहिल्या पगाराचं कौतुक ओसरल्यावर, सातव्या-आठव्या महिन्यात, ‘मी हे नेमकं कशासाठी करतोय?’ असं मनात आलं तर तुमच्याकडं काही उत्तर असेल का?

वर्क कल्चर, लीडरशिप, कामातला अर्थ... सेमिनार हॉलमध्ये हे शब्द आपण इतक्यांदा ऐकलेत की आता ते कानावरून जातात. पडद्यावर स्लाइड सरकत असते, उदाहरणं अमेरिकेतली असतात आणि मागच्या बाकांवर मोबाइल चालू असतात. आज उदाहरण जवळचं घेऊ. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडचं. पुण्याला नोकरी शोधायला निघालेली कितीतरी पोरं ज्या स्टेशनवर नांदेड-पनवेल एक्स्प्रेसमध्ये चढतात, त्या गंगाखेडचं. सुमारे सातशे वर्षांपूर्वी या गावची एक मुलगी अशीच गाव सोडून कामाला गेली होती. तिचं नाव जनाबाई.

पद नाही, पगार नाही

जनाबाईची गोष्ट आपण शाळेत एका धड्यात उरकलेली असते. जरा पुन्हा बघू. गोदावरीकाठच्या गंगाखेडात दमा आणि करुंड या जोडप्याच्या पोटी तिचा जन्म झाला. लहान वयातच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि तिथंच राहिली. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. घर शिंप्याचं, माणसं भरपूर. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, धुणं धुणं, गोवऱ्या वेचणं हे तिचं काम. आजच्या भाषेत सांगायचं तर घरकामगार. पद नाही, बढती नाही, रविवार नाही, महिन्याचा पगार तर नाहीच.

याच मुलीच्या नावावर आज तीनशेहून जास्त अभंग आहेत. ती स्वतःची ओळख नामदेवांची दासी अशी करून देते आणि त्याच तोंडानं थेट देवाशी भांडते. कधी लाडात येते, कधी रागावून त्याला शिव्याही घालते.

तिच्या अभंगांत आणखी एक गोष्ट सारखी दिसते. तिचा विठ्ठल देवळात उभा राहून वाट बघत नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी येतो. तिच्याबरोबर दळायला बसतो, पाणी भरतो, केर भरून टाकतो, गोवऱ्या वेचतो. दिवसभर राबून थकलेल्या जनीची वेणीसुद्धा घालतो. सातशे वर्षांपूर्वीची घरकाम करणारी एक बाई देवाची कल्पना करते आणि तो देव तिला आपल्या शेजारी काम करताना दिसतो. ‘आदर्श बॉस कसा असावा’ या विषयावर मी आजवर जेवढं वाचलंय त्यात याच्याइतकं नेमकं काही सापडलं नाही.

एका खुंट्यावर दोन हात

तुमच्यापैकी अनेकांनी जातं फक्त हळदीच्या कार्यक्रमात पाहिलं असेल, म्हणून थोडं सांगतो. दगडाच्या दोन तळ्या. खालची स्थिर, वरची फिरणारी. वरच्या तळीला लाकडी खुंटा. मधल्या तोंडात मुठीमुठीनं दाणे टाकायचे, त्याला वैरण घालणं म्हणतात. एकटीनं दळायला घेतलं तर थोड्या वेळात खांदा भरून येतो. म्हणून बायका समोरासमोर बसत. खुंटा एकच, हात दोघींचे. एकीनं ओढायचं, दुसरीनं पुढं द्यायचं. समोरची नुसती हात टेकवून बसली असेल तर ओढणारीला लगेच कळतं. तिथं नाटक चालत नाही.

लीडरशिपची याहून सोपी परीक्षा नाही. तुमचा टीम लीडर खुंट्याला हात लावतो की बाजूला उभा राहून ‘अजून बारीक, अजून बारीक’ म्हणतो? रिलीजच्या रात्री किंवा ऑडिटच्या आठवड्यात तो तुमच्याबरोबर बसतो की ‘सकाळपर्यंत पाहिजे’ असा मेसेज टाकून झोपतो? त्यानं तुमचं सगळं काम करावं असं कुणी म्हणत नाही. पण दगड किती जड आहे हे त्याला स्वतःच्या खांद्यानं माहीत असायला हवं.

जात्याची आणखी एक गंमत होती. पहाटेच्या त्या वेळी बायका मोकळेपणानं बोलायच्या, खरं तर गायच्या. सासूचा जाच, नवऱ्याचा मार, माहेरची ओढ, भावाची वाट, देवाची तक्रार, सगळं ओव्यांमधून बाहेर यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्यात राहून अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमलेल्या त्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आज हा संग्रह ‘पारी’ या ऑनलाइन ग्रामीण संग्रहात ऐकायला मिळतो. दिवसभर घरात तोंड उघडायची सोय नव्हती त्या बायकांनी जात्यापाशी बसून एवढं बोलून ठेवलंय! कारण समोर बसलेली बाई ऐकून घेईल आणि चुगली करणार नाही, याची खात्री होती.

या खात्रीला आता मॅनेजमेंटच्या पुस्तकात जागा मिळालीय. अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीमकडून औषधं देताना चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज. आकडे आले ते बरोबर उलटे. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! नीट चौकशी केल्यावर उलगडा झाला. तिथं चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या ठिकाणी लोक घाबरून झाकून ठेवत होते. पुढं गुगलनं आपल्याच टीम तपासल्या, तेव्हाही हीच गोष्ट सगळ्यात वर आली. मनात आलेलं भीती न बाळगता बोलता येतं का, यावर टीमची कामगिरी मोठ्या प्रमाणात ठरते.

त्यामुळं नव्या ऑफिसात गेल्यावर पहिले पंधरा दिवस कान उघडे ठेवा. मीटिंगमध्ये ज्युनिअर बोलतात का? ‘मला हे समजलं नाही’ हे वाक्य तिथं कुणी उच्चारतं का? की सगळे मान हलवतात आणि खरं काय ते चहाच्या टपरीवर बाहेर पडतं?

क्रेडिट कुणाचं?

आता जरा अवघड प्रकरण. प्रेझेंटेशन तुम्ही रात्रभर जागून केलं आणि सकाळी सरांनी स्वतःच्या नावावर दाखवलं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही हे होतंच की. चौघांचा ग्रुप, काम दोघांचं, व्हायवात बोलणारा तिसरा आणि चौथ्याचं फक्त नाव.

इथंही जनाबाईकडून शिकण्यासारखं आहे. तिच्या नावावरच्या एका अभंगात कुठल्या संताचे अभंग कुणी लिहून घेतले, त्याची चक्क यादीच येते. ज्ञानेश्वरांचे चिदानंदबाबांनी, निवृत्तिनाथांचे सोपानांनी, सावता माळ्यांचे काशिबा गुरवांनी, चोखामेळ्यांचे अनंतभटांनी. आणि जनीचे? जनीचे खुद्द पांडुरंगानं. शेवटच्या भागात ती आपला तोरा मिरवून घेते, आणि का मिरवू नये? पण त्याआधी तिनं पडद्यामागच्या लेखनिकांची नावं एकेक करून नोंदवलीत. संतांची नावं सगळ्यांनाच पाठ असतात, लिहून घेणाऱ्यांची लक्षात ठेवली ती घरात दळण दळणाऱ्या बाईनं. ज्याच्या स्वतःच्या कामाकडं कुणी बघत नाही, त्याला दुसऱ्याचं न दिसणारं काम बरोबर दिसतं.

तिच्याबद्दलची एक आख्यायिकाही इथं आठवते. विठ्ठलाच्या गळ्यातलं पदक हरवलं. आळ कुणावर आला? जनीवर. पुरावा बघण्याआधीच तिला सुळावर द्यायचं ठरलं. पुढं सुळाचं पाणी झालं, असं कथा सांगते. चमत्कारावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, कथेचा पहिला अर्धा भाग मात्र आजही रोज घडतो. ऑफिसात, होस्टेलवर, बंगल्यात काही हरवलं की पहिली नजर कुणाकडं जाते? झाडलोट करणाऱ्या मावशींकडं, वॉचमन काकांकडं, नव्या शिपायाकडं. एखाद्या कंपनीचं कल्चर कसं आहे हे तिच्या वेबसाइटवरून कळत नाही. काही हरवल्यावर तिथले लोक कुणाकडं बघतात, त्यावरून कळतं.

‘आपण सगळे एक फॅमिली’

आतापर्यंत वाचून कुणाला वाटेल, की म्हणजे भक्तिभावानं राबा, अर्थ आपोआप सापडेल, पगाराचं काय एवढं! थांबा. इथंच मोठी गफलत होते.

गंगाखेड तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसं निघतात, हे या भागातल्या मुलांना सांगायला नको. काहींच्या घरचीच असतील. त्या कामाचं कल्चर कसं असतं? नवरा-बायकोच्या जोडीला माणसाचं नावसुद्धा मिळत नाही, ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती तोडून फेडायची. आजारी पडून दिवस चुकला तर खाडा, म्हणजे पैसे कापले. उसाच्या फडात पहाटे पहाटे मोळी डोक्यावर घेतलेल्या बाईला ‘कामात अर्थ शोधा’ असं सांगायला कुणी गेलं, तर तिनं त्याला कोयता दाखवावा. तिला आधी हवीय ती पूर्ण मजुरी, आजारपणाची सुट्टी आणि पोरांची शाळा.

जनाबाईनं तरी कुठं कष्ट गोड मानून घेतले? तिच्या बोलण्यात दमणूक आहे, एकटेपणा आहे, कुणी नसल्याची कळ आहे. ते ती लपवत नाही. तिनं अर्थ शोधला, पण कष्टांना कष्टच म्हटलं. हा फरक नीट लक्षात ठेवा. अर्थ हा तुमचा तुम्ही शोधायचा असतो. मालक जेव्हा पगाराऐवजी अर्थ द्यायला लागतो, तेव्हा सावध व्हा. ‘आपण सगळे एक फॅमिली आहोत’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण ते फक्त रविवारी कामाला बोलावताना आठवत असेल तर काय समजायचं?

रविवारवरून आठवलं. आपल्याला रविवार कॅलेंडरबरोबर फुकट मिळाला, असं वाटतं. तसं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज दिले, मागणी लावून धरली. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. दगड किती जड आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणजे तेही एका अर्थानं जात्याच्या समोर बसणाऱ्यांतलेच.

आणि सुट्टी ही काही आळशांची चैन नव्हे. रोज दळून दळून जात्याच्या तळ्या गुळगुळीत होतात. मग कितीही फिरवा, पीठ पडत नाही, नुसते दाणे भरडले जातात. तेव्हा जातं बंद ठेवून त्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीनं दगड पुन्हा खरबरीत करून घ्यायचा. दगडालासुद्धा थांबावं लागतं राव, तुम्ही तर हाडामांसाची माणसं!

मग अर्थ सापडतो कुठं?

पगार ठीक आहे, माणसं बरी आहेत, सुट्टीही मिळते. तरीही काम नीरस वाटतं. एक्सेलच्या त्याच रांगा, तेच कॉल, तीच एंट्री. अशा वेळी काय करायचं?

एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमध्ये साफसफाई करणाऱ्यांशी बोलून २००१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. काम सगळ्यांचं सारखंच होतं. काही जण म्हणाले, आम्ही फरशी पुसतो. दुसरे काही स्वतःला पेशंट बरा करणाऱ्या टीमचा भाग समजत होते. कुठल्या पेशंटला भेटायला कुणी येत नाही हे त्यांना माहीत असे, त्याच्याशी ते दोन शब्द बोलत. नातेवाइकांना वाट दाखवत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आपलं काम आपल्या हातानं थोडंसं वळवून घेतलं होतं.

जनाबाईनंही तेच केलं. दळण तिला टाळता येत नव्हतं. पण दळताना मनात काय चालू ठेवायचं, तोंडानं काय म्हणायचं, हे तिच्या हातात होतं. तिनं त्या वेळेत अभंग रचले. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात आजही जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. घराच्या मालकिणीचं सामान कुठं गेलं कुणास ठाऊक, दासीचं जातं मात्र लोक रांगेत उभं राहून बघतात.

तुमच्या कामाचं पीठ कुणाच्या ताटात पडतंय ते एकदा बघून या. बँकेत असाल तर एखाद्या पीक कर्जाच्या फाइलमागचा माणूस बघा. कोड लिहीत असाल तर ते ॲप वापरणाऱ्या काकूंशी बोला. लॅबमध्ये असाल तर रिपोर्टसाठी बाकावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडं एकदा बघा. स्पर्धा परीक्षा देत असाल आणि मनात फक्त लाल दिव्याच्या गाडीचं चित्र असेल, तर तहसीलच्या खिडकीपुढं दाखल्यासाठी उभ्या राहिलेल्या आजीचं चित्रही शेजारी लावून ठेवा. दरवेळी भारावून जाल असं नाही. पण ‘कशासाठी’ या प्रश्नाला एक चेहरा मिळेल.

मुलाखतीला जाताना

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात ना, तेव्हा ‘नो सर, थँक यू’ म्हणून उठू नका. हे विचारा किंवा तपासा:

– मी ज्यांच्या हाताखाली काम करणार, त्यांच्याशी आधी बोलता येईल का?

– या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं? उत्तर देताना समोरचा अडखळतो का, ते बघा.

– नव्या माणसाकडून चूक झाली तर इथं काय करतात? एखादं उदाहरण सांगाल?

– मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का? बाँड आहे का, किती काळाचा? सही करण्याआधी घरी आणून नीट वाचा.

– दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, असं २०१३ चा कायदा सांगतो. ती आहे का, हे मुलींनी विचारावं आणि मुलांनीही.

– बाहेर पडताना गेटवरच्या वॉचमन काकांशी दोन मिनिटं बोला. त्यांच्याशी तिथले साहेब कसे बोलतात, एवढं कळलं तरी पुष्कळ.

हे प्रश्न विचारले म्हणून नोकरी हुकेल, अशी भीती वाटेल. घरची गरज मोठी असेल आणि समोरची नोकरी मनासारखी नसेल, तर घ्या ती. त्यात कमीपणा काहीच नाही. जनाबाईनंही आपलं काम निवडलेलं नव्हतं. पण डोळे उघडे ठेवून घ्या आणि बाहेर पडायची वाट तयार ठेवा.

आणि एक दिवस असा येईल की खुंट्याच्या पलीकडच्या बाजूला तुम्ही बसलेले असाल. समोर नुकताच गावाकडून आलेला, गाडीत रात्र काढून थेट ऑफिसात पोचलेला एखादा पोरगा किंवा पोरगी असेल. चेहऱ्यावर टेन्शन, इंग्रजी अडखळतंय, खिशात महिनाअखेरपर्यंत पुरतील की नाही असे पैसे. त्या दिवशी तिला पहिलं काय विचारायचं, हे आत्ताच ठरवून ठेवा. ‘जेवलीस का?’ इथून सुरुवात केलीत तरी चालेल.